तिघांनी बुडवलेली बाई

आमच्या मराठी विभागात माणसं तीन होती आणि साहित्य शिकवण्याच्या पद्धतीही तीन. त्या तिन्हींची आज मला शिसारी येते. त्यांतली एक माझी होती, तिची जरा जास्त येते.

पहिली पद्धत विभागप्रमुखांची. ऐंशीच्या दशकात मी भिवंडीतल्या त्याच कॉलेजात त्यांचा विद्यार्थी होतो. वडील नगरपालिकेत कारकून, घराच्या दोन्ही अंगांना यंत्रमागांचे कारखाने, त्यामुळे आमच्या घरात सगळेच मोठ्याने बोलत. कॉलेजात आलो की पहिल्यांदा कान मोकळे होत. सर वर्गात येत, पिशवीतून रबर लावलेली पिवळ्या कागदांची चळत काढत आणि म्हणत, "घ्या." घ्या म्हणजे लिहून घ्या. मग ते तासभर सांगत आणि आम्ही उतरवून घेत असू. कुठला रस, कुठले अलंकार, भाषा कशी ओघवती, लेखकाची जीवनदृष्टी कशी उदात्त. एकदा त्यांच्या चळतीतले दोन कागद खालीवर झाले होते. त्यांनी आधी समारोप सांगितला आणि मग प्रस्तावना. साठ मुलांनी तसंच लिहून घेतलं, परीक्षेत त्याच क्रमाने लिहिलं आणि साठही पास झाली. सरांच्या ते कधी लक्षातही आलं नाही, कारण पेपर तपासताना ते पहिली ओळ आणि शेवटची ओळ बघत. दोन्ही ओळखीच्याच असत.

"पुस्तक वाचून गोंधळ होतो," ते म्हणत. "आधी नोट्स पाठ करा. पुस्तकं काय, सुट्टीत वाचता येतील."

मी आज्ञाधारक होतो. नोट्स पाठ केल्या आणि तिन्ही वर्षं कॉलेजात पहिला आलो. सुट्टीत पुस्तकं वाचली नाहीत. नेमलेल्या पुस्तकांपैकी निम्म्यांची मला फक्त मुखपृष्ठं माहीत होती. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

दुसरी पद्धत मधल्या सरांची, म्हणजे प्रमुखांच्या खालच्या आणि माझ्या वरच्या. ते ठाण्याहून एसटीने येत आणि उतरल्यापासून परतीची गाडी मिळेपर्यंत भिवंडीवर उपकार करत असल्यासारखे वावरत. कथा, कविता, कादंबरी हे शब्द त्यांना गावंढळ वाटत. सगळ्याला ते 'संहिता' म्हणत. फळ्यावर मधोमध एक उभी रेघ ओढत. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला जमीन. एका बाजूला आत, दुसऱ्या बाजूला बाहेर. कुठलंही पुस्तक त्या रेघेच्या दोन बाजूंना बसवून झालं की हात झटकत. नोट्स देणाऱ्या माणसाला ते स्टाफरूममध्ये उघड हसत. पण मुलं त्यांचा फळा जसाच्या तसा वहीत उतरवून घेत आणि पाठ करत, तेव्हा मात्र त्यांना हसू येत नसे.

तिसरी पद्धत माझी. एम.ए. करून नव्वदीच्या सुरुवातीला मी त्याच विभागात तात्पुरत्या जागेवर लागलो, अर्थात प्रमुखांच्या कृपेने. खांद्याला शबनम पिशवी लावून मी वर्गात विचारत असे, "हे साहित्य कोणाचं? कोणासाठी? यात जमीन कोणाची गेली? भाकरी कोणाच्या ताटातली?" मोठा आव होता. पुस्तकात शोषण सापडलं की मी पुस्तक मिटत असे, पुढे वाचायची गरज वाटत नसे. लहानपणापासून खिडकीखाली पाळी बदलून येणारी-जाणारी माणसं मी पाहिली होती, पण त्यांच्यातल्या एकालाही कधी त्याचं नाव विचारलं नव्हतं. शोषण मला छापलेलंच लागे.

आम्ही तिघं एकमेकांच्या पद्धतीचा तिरस्कार करत असू आणि चहा एकत्र पीत असू. भोगायचं मुलांनी. माझ्या वर्गात एक मुलगा होता, घरचे माग होते, सकाळची पाळी करून तो अंगावर सुताचे तंतू घेऊनच वर्गात येई. त्याने एकदा उठून विचारलं, "सर, एक सांगा. परीक्षेत कोणाचं लिहायचं? बड्या सरांचं, मधल्या सरांचं की तुमचं?"

"तुझं लिही," मी म्हणालो. मला ते उत्तर फार आवडलं होतं.

"मेरा कौन चेक करेगा, सर?" तो म्हणाला आणि वर्ग हसला. मीही हसलो.

त्या वर्षी द्वितीय वर्षाला एक कादंबरी नेमलेली होती. घाटाखालचं एक गाव धरणात जातं, एक विधवा बाई गाव सोडायला तयार होत नाही, एवढी तिची गोष्ट. पाणी चढत येतं. सगळे निघून जातात. एका संध्याकाळी ती एकटी मागे फिरते आणि पाण्यात उतरते. कमरेएवढं, मग छातीएवढं. तिथे प्रकरण संपतं, खाली पानाच्या मधोमध एक छोटी वेलबुट्टी छापलेली आहे.

ही बाई मरते, हे आमच्या विभागात वर्षानुवर्षं चालत आलेलं होतं. प्रमुखांच्या नोट्समध्ये तो करुण रसाचा परमोच्च बिंदू होता. मधल्या सरांच्या फळ्यावर ती जमिनीकडून पाण्याकडे, म्हणजे रेघेच्या डावीकडून उजवीकडे जाई. आणि मी? मी तिच्या मरणावर एक निबंध लिहिला होता, तिला विकासाचा बळी ठरवून. तो एका चर्चासत्रात वाचला होता. मंडळींनी माना डोलावल्या होत्या. माझी जागा कायम व्हायची होती, तेव्हा माझ्या कागदांत सगळ्यात वर तोच निबंध लावलेला होता.

त्याच वर्गात एक मुलगी होती. वज्रेश्वरीच्या पुढे डोंगराच्या अंगाला तिचा पाडा. आईबाप पावसाळ्यात शेती करत आणि उरलेलं वर्ष मिळेल ते काम. ती भिवंडीत आदिवासी मुलींच्या सरकारी वसतिगृहात राहात होती. मागच्या बाकावर बसे. नोट्स घेत नसे. प्रमुख "घ्या" म्हणाले की ती त्यांच्या तोंडाकडे बघत राही. प्रमुखांना ते उद्धट वाटे. मला ते आळस वाटे. मी तर तिच्या बाजूचा माणूस ना, तिच्याच जमिनीबद्दल वर्गात बोलत होतो! तरी तिच्याशी बोलायला मी कधी गेलो नाही.

वार्षिक परीक्षा कॉलेजच घेत असे, पेपर आम्हीच तपासत असू. प्रश्न होता, कादंबरीच्या शेवटाचं औचित्य स्पष्ट करा, गुण वीस. साठ-सत्तर मुलांनी बाईला मारलं होतं. कोणी करुण रसात, कोणी रेघेच्या उजवीकडे, चार-पाचांनी माझ्या पद्धतीने. तिच्या पेपरात पहिलंच वाक्य होतं: बाई मेली नाही. ती मरायला गेली नव्हती, जातं आणायला गेली होती. पुढे लिहिलं होतं की जात्याचा वरचाच दगड तिने आणला, खालचा जड होता, तो पाण्यातच राहिला. मग त्या दगडाबद्दल आणखी दोन पानं. मी वाचायला सुरुवात केली आणि सोडून दिलं. लाल पेनने पहिल्या वाक्याभोवती गोल काढला, समासात लिहिलं, "पुस्तक न वाचता लिहिलेले." वीसपैकी तीन दिले. त्या तिनांत आपण मन मोठं केलं असंही मला वाटलं.

ती सहा गुणांनी नापास झाली.

निकाल लागल्यावर दुपारी ती स्टाफरूमच्या दारात आली. आत मी आणि मधले सर होतो.

"सर, माझा पेपर दाखवा."

"पेपर दाखवत नाहीत," मी म्हणालो. "शेवटाचा प्रश्न तुझा पूर्ण चुकलाय."

"न्हाय चुकला."

"अगं, बाई मरते."

"न्हाय मरत, सर. सर, तुमी पुस्तक पुरा वाचलाव का?"

मधल्या सरांनी वर्तमानपत्रातून मान वर केली. मी आवाज चढवला. "कोणाशी बोलतेस? मी निबंध लिहिलाय या कादंबरीवर."

"मरायचा निबंध," ती म्हणाली. हे ती रागाने बोलली नाही, नुसतंच बोलली. "सर, मागची पानं वरून जोडलेली हाईत. कापलेली न्हाय. वस्तिगृहातल्या पुस्तकात पण तशीच होती. मी विळ्यानं फोडली. तुमच्या पुस्तकात बघा ना." मग जरा थांबून म्हणाली, "नापास झाली तर वस्तिगृहातनं काढतात, सर. पाड्यावरनं रोजचा येता येत न्हाय. गाडी वज्रेश्वरीपर्यंत, पुढं चालायचा."

"बघतो," मी म्हणालो.

ती गेल्यावर मधले सर म्हणाले, "संहितेच्या पातळीवर ती मेलेलीच आहे." आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरले.

मी कपाटातून विभागाची प्रत काढली. तिच्यावर आमच्या कॉलेजचे शिक्के होते, पहिल्या पानापासून वेलबुट्टीपर्यंत प्रमुखांच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. वेलबुट्टीनंतर एक कोरं पान. त्यानंतरची आठ पानं छापखान्यातून निघताना कापलीच गेली नव्हती, वरच्या कडेला घडी तशीच होती. पुस्तक इतकी वर्षं आमच्याकडे होतं. कोणी त्यांना पातं लावलेलं नव्हतं.

मी ती घडी दोन बोटांनी जरा उघडून, नळीत बघावं तसं आत पाहिलं. काही ओळी दिसल्या. बाईचं लुगडं ओलं होतं. ती काठावर बसली होती. तिच्या मांडीवर जात्याचा दगड होता.

मी पुस्तक मिटलं. पानं कापली नाहीत. का कापली नाहीत, तेही लिहितो. कापलेल्या पानांवरून कोणालाही कळलं असतं की ती आजच कापली गेली.

निकालपत्रक अजून विद्यापीठाकडे गेलेलं नव्हतं, प्रमुखांच्या सहीने गुण दुरुस्त करता येत होते. मी त्यांच्या घरी गेलो. ते झोपाळ्यावर बसले होते. मी सांगितलं ते त्यांनी शांतपणे ऐकलं.

"असेल बाबा," ते म्हणाले. "मला माझ्या सरांनी सांगितलं, मी तुला सांगितलं. अरे, पण शेवटाला करुण रस आहे. जिवंत बाईत करुण रस कुठून आणणार?"

"पण सर, पुस्तकात तर..."

"तुला दुरुस्त करायचं तर कर, मी सही करतो. पण मग सगळ्यांचं कर. मेली म्हणून लिहिलं त्या सगळ्यांना शून्य दे. आणि कारण म्हणून प्राचार्यांना लिहून दे की विभागात कोणी पुस्तक वाचलेलं नव्हतं. देतोस?" त्यांनी झोपाळ्याला पायाने जरासा झोका दिला. "तुझा तो निबंधही आहे ना त्याच्यावर?"

त्यांनी मला धमकावलं असतं तर आज मला सोपं गेलं असतं. त्यांनी धमकावलं नाही, उलट चहा पाजला. सगळ्यांचे गुण न बदलता एकटीचे सहा गुण मी बेरीज चुकली म्हणून गुपचूप वाढवू शकलो असतो, तेवढ्यावर त्यांनी सही केली असती. कोणी विचारलंही नसतं. हे मला त्या झोपाळ्यासमोर सुचलं होतं. पण मग तिला कळलं असतं की ती बरोबर होती आणि मी ते मान्य केलं. वर्गात मागच्या बाकावरून ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली असती, आणि तिला सगळं माहीत असतं. ते मला नको होतं. तिचं वसतिगृह सुटण्यापेक्षा मला ते जास्त नको होतं.

निकालपत्रक गेलं. तिची वसतिगृहातली जागा गेली. राहिलेला विषय घेऊन तृतीय वर्षाला बसता येत होतं, म्हणून जूनमध्ये ती आली. दहाच्या तासाला साडेदहाला पोचे, पाय चिखलाने भरलेले. प्रमुख "घ्या" म्हणता म्हणता थांबत आणि तिच्या पायांकडे बघत. गणपतीच्या सुट्टीनंतर ती आली नाही. हजेरी घेताना मी महिनाभर तिचा क्रमांक पुकारत होतो. मग पुकारणंही सोडलं.

एखाद्या बऱ्या माणसाने पुढच्या वर्षी तरी कादंबरी नीट शिकवली असती. मी नाही शिकवली. ती आणखी तीन वर्षं अभ्यासक्रमात होती आणि तिन्ही वर्षं, बाई मरत नाही हे ठाऊक असताना, मी तिला पाण्यात बुडवलं. बाकीच्या दोघांनी अज्ञानात बुडवलं होतं. दरम्यान माझी जागा कायम झाली. प्रमुख निवृत्त झाले, त्यांच्या निरोप समारंभात मी बोललो. सरांनी आम्हाला वाचायला शिकवलं, असं म्हणालो. टाळ्या पडल्या. मधले सर मुंबईतल्या एका कॉलेजात गेले. साहित्याच्या पद्धतींवर मी वर्तमानपत्रांत लेख लिहू लागलो, आस्वाद की विश्लेषण की बांधिलकी, असल्या विषयांवर. मी 'वाचकाची भूमिका' असाही एक लेख लिहिला आहे, तो कोणाला सापडला तर कृपा करून वाचू नये.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी एकदा बायकोसोबत वज्रेश्वरीला देवीच्या दर्शनाला गेलो होतो. परतताना स्टँडवर बायको प्रसादाच्या दुकानात गेली आणि मी गाडीची वाट बघत उभा राहिलो. बाकावर एक बाई मांडीवर तक्त्यांच्या गुंडाळ्या घेऊन बसली होती.

"सर ना तुमी?"

मी ओळखलं. ओळखलं नाही असं दाखवायचाही क्षणभर विचार केला.

"अंगणवाडीत हाय मी," ती म्हणाली. "बरं हाय. पोरांना गोष्टी सांगते. ती जात्याची पण सांगते, तुमच्या पुस्तकातली."

"अजून आठवते?"

"न आठवायला काय झाला? पोरं रोज इचारतात, बाई, मंग त्या दगडाचा काय केला तिनं?" ती माझ्याकडे बघून हसली. "तुमी सांगा सर. काय केला?"

घडीच्या नळीतून मला ओलं लुगडं दिसलं होतं, काठ दिसला होता, मांडीवरचा दगड दिसला होता. पुढचं मला माहीत नव्हतं. मी आयुष्यात बी.ए.ची, एम.ए.ची मुलं शिकवली होती आणि अंगणवाडीतल्या पोरांचा प्रश्न मला येत नव्हता.

"आता नीट आठवत नाही," मी म्हणालो.

"वाचलाव न्हाय अजून." ती पुन्हा हसली. त्या हसण्यात राग नव्हता, हे मी स्वतःची समजूत घालायला लिहीत नाही. राग यायलाही मी तिच्या लेखी काही असायला हवा होतो. तिची गाडी लागली. उठताना म्हणाली, "फोडा पानं सर. विळा नसंल तर ब्लेड घ्या."

मला म्हणायचं होतं की सहा गुण माझ्याकडे होते. मला म्हणायचं होतं, तू बरोबर होतीस. "सांभाळून जा," एवढं म्हणालो.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन कपाट उघडलं. कादंबरी अभ्यासक्रमातून गेली होती, तरी प्रत होती, घडी तशीच होती. टेबलाच्या खणात पेन्सिलीला टोक करायचं ब्लेड होतं. त्याने मी आठ पानं कापली आणि उभ्याउभ्या वाचली. वाचायला दहा मिनिटं लागली.

बाई तो वरचा दगड डोक्यावर घेऊन नव्या वसाहतीत जाते. लोक हसतात, अर्धं जातं काय कामाचं. ती एका पाथरवटाला धरते आणि त्या जुन्या दगडाच्या मापाचा खालचा नवा दगड त्याच्याकडून घडवून घेते. शेवटच्या पानावर ती दळायला बसते. नवा दगड अजून खडबडीत आहे, पिठात दगडाची कच येते, म्हणून पहिलं दळण ती गुरांना घालते. एवढंच आहे. करुण रस नाही. मधल्या सरांच्या रेघेच्या कुठल्याच बाजूला ते बसत नाही. आणि ती कोणाचा बळीबिळी नाही, चांगली दळत बसली आहे.

तेव्हा मला तिच्या पेपरातली ती दोन पानं आठवली, दगडाबद्दलची, जी मी वाचायची सोडून दिली होती. त्यांत हेच असणार. कच, गुरं, पाथरवट, सगळं. कदाचित त्याहूनही काही असेल, जे मला आजही दिसत नसेल. ते पेपर मुदत संपल्यावर रद्दीत गेले. त्यांच्या गठ्ठ्यावर रद्दीत द्यावेत म्हणून सही माझीच होती.

माझ्या हाताखालून गेलेली कितीतरी मुलं आज शाळा-कॉलेजांत मराठी शिकवतात. भेटली की वाकून नमस्कार करतात, सर, तुमच्या नोट्स अजून जपून ठेवल्यात म्हणतात. त्या वह्यांत बाई छातीएवढ्या पाण्यात उभी आहे. एकालाही मी सांगितलेलं नाही की ती बाहेर आली. वज्रेश्वरीची गाडी आमच्या स्टँडवरून दिवसभर सुटत असते. दगडाचं काय झालं ते मला आता येतं. ते सांगायला मी अजून त्या गाडीत बसलेलो नाही.